तारवातली गाढवीण

नोहाच्या तारवात मला गाढवीण केलं गेलं, हे मोका शहरात आता कुणाला नव्याने सांगायची गरज उरलेली नाही. मी नगरपालिकेच्या दफनभूमी खात्यात दुय्यम कारकून आहे. तिथे दुःखात बुडून आलेली माणसंसुद्धा आधी शवपेटी खाली ठेवतात, मग माझ्या मनगटाकडे बघतात आणि त्यानंतर डोळे पुसतात. म्हणून जे घडलं ते एकदा नीट सांगून टाकावं म्हणतो. गावात जी हकिगत फिरते आहे तिच्यात मी मेलेल्या बॅटऱ्या विकतो आणि स्वतःच्या लेकीच्या मंगल दिवशी घराचं पाणी तोडतो. हे दोन्ही खोटं आहे. गाढवीण तेवढी खरी.

'नोहाचं तारू' ही बाग ला वेगा या शेजारच्या गावाच्या रस्त्यावर निघाली. काढली एका सिमेंटच्या ठेकेदाराने. त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्याला स्वप्नात देव दिसला आणि महापुरातून वाचवलेल्या प्राण्यांच्या जोड्या जगाला दाखव असा हुकूम झाला. मला वाटतं त्याला गोदामात पडून राहिलेलं सिमेंट दिसलं असावं. पण आमच्या घरी शंका घेण्याचं काम मी एकटाच करतो. माझी बायको नेरेइदा हिने जाहीर केलं की रविवारी अख्खी बिल्डिंग मिनीबस करून तारवात जाणार.

अख्खी बिल्डिंग म्हणजे दोन घरं. वर आम्ही, खाली बाल्बिनो. गच्चीवर दोन टाक्या, आणि त्या टाक्यांवरून मी आणि बाल्बिनो तीन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हतो. माझ्या मुलीच्या, यामिलेतच्या, चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या दिवशी घरात पाहुणे मावत नव्हते आणि नळाला थेंब नव्हता. बाल्बिनोच्या टाकीतून मात्र पाणी ओसंडून रस्त्यावर वाहत होतं. आमच्या टाकीची चावी त्याने बंद केली असं मी म्हणालो. ती देवाच्या मर्जीने बंद झाली असेल असं तो म्हणाला. त्यानंतर आम्ही काहीच म्हणालो नाही. लोक समजतात अबोला म्हणजे वाईट. अनुभव असा की अबोल्याइतकं शेजारधर्माला पोषक दुसरं काही नाही. तो साखर मागत नाही, आपण द्यावी लागत नाही. अडचण एवढीच की आमच्या बायकापोरांनी या वैराला कधी मान दिला नाही. नेरेइदा आणि बाल्बिनोची बायको तोमासिना रोज जिन्यात तासभर उभ्या असतात.

बाल्बिनो बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर विकतो. आमच्याकडे वीज गेली की माणसं आधी देवाचं नाव घेतात आणि मग बाल्बिनोचं. दिवे गेल्यावर खालच्या मजल्यावरून त्याची जी समाधानाची खाकर ऐकू येते, ती मी शत्रूच्यासुद्धा कानावर पडू देणार नाही. पण शत्रू तोच असल्यामुळे इलाज नाही.

आम्ही जाणार हे कळल्यावर गल्लीने सल्ले सुरू केले. समोरच्या दुकानाचा चेलो म्हणाला, "मास्तर, बसमध्ये मधल्या सीटवर बसा. मेले तर पुढचे आणि मागचे मरतात." मी मास्तर नाही, पण चष्मा असलेल्या प्रत्येक माणसाला चेलो मास्तर म्हणतो. औषधाच्या दुकानातल्या बाईंनी पोपटांपासून लांब राहायला सांगितलं, कारण तिथल्या एका पोपटाने त्यांच्या बहिणीला चार लोकांसमोर वजन विचारलं होतं. कोपऱ्यावरच्या निवृत्त सार्जंटने वाऱ्याची दिशा पाहिली आणि "जाऊ नका" एवढंच म्हणून आत गेला. आमच्या खात्याचे प्रमुख म्हणाले, "जाऊन या, एलिहियो. तुमच्यासारख्याने वर्षातून एकदा तरी जिवंत काहीतरी बघावं."

रविवारी सकाळी बस आली. माझी सासू, डोन्या प्रोवी, मांडीवर स्पॅगेटीचं पातेलं घेऊन पुढच्या सीटवर जाऊन बसली. पातेलं एवढं मोठं होतं की त्याच्यासाठी वेगळं तिकीट काढावं अशी सूचना ड्रायव्हरने केली. आमच्याकडे सहलीला स्पॅगेटी नेली नाही तर ती सहल धरत नाहीत. बाल्बिनो शेवटी चढला. आदल्या दिवशी बेसबॉलच्या सामन्यात पंचाला शिव्या देऊन देऊन त्याचा घसा साफ बसला होता. कुजबुजीपलीकडे त्याच्या तोंडून काही निघत नव्हतं. मी हा दिवसाचा शुभशकुन मानला.

तारवाच्या दारात पहारेकऱ्याने पातेलं अडवलं.

"बाहेरचं खाणं आत नेता येणार नाही, आजी."

"हे खाणं नाही, स्पॅगेटी आहे," सासू म्हणाली.

"तेच ते."

"तू काय खाल्लंस सकाळपासून?"

पहारेकऱ्याने पातेल्यावरचं झाकण उचलून वास घेतला. शेवटी त्याने कायद्यातून वाट काढली. आत नेता येत नाही, पण पोटातून नेलं तर त्याला हरकत घेता येणार नव्हती. तेव्हा आम्ही आठ जण, ड्रायव्हर आणि पहारेकरी यांनी गाड्यांच्या तळावर, उन्हात, उभ्या उभ्या, सकाळी नाश्त्याच्या वेळेला ते अख्खं पातेलं संपवलं. "राहिलं तर वाया जाईल," असं म्हणत सासूने माझ्या आणि बाल्बिनोच्या ताटलीत तीनतीनदा वाढलं. आम्ही दोघं शरीराने बरे असल्यामुळे उरलेलं अन्न आमच्याकडे येण्याची प्रथा सगळीकडे आहे.

मग तिकिटाची खिडकी.

"किती जोड्या?" आतल्या बाईंनी विचारलं.

"आठ माणसं."

"माणसं नाही विचारली. जोड्या विचारल्या. इथे जोडीनेच आत सोडतात."

मी जमवून पाहिलं. बायको सासूचा हात सोडेना, कारण सासूला गर्दीत चक्कर येते. पोरं, म्हणजे यामिलेत आणि धाकटा विल्किन, आधीच एकमेकांना चिकटलेली. तोमासिना आणि तिची मुलगी तिसरी जोडी. उरलो मी, आणि माझ्यापासून लांब, आंब्याच्या झाडाकडे बघत उभा असलेला बाल्बिनो.

"मग चौथी जोडी तुमची," बाई म्हणाल्या.

"मी या गृहस्थांना ओळखत नाही."

"एका बसमधून उतरलात. एका पातेल्यातून जेवलात. सॉस दोघांच्याही हनुवटीला आहे."

"मला एकट्यालाच आत सोडा."

"तारवात एकटं कुणाला घेत नाहीत, साहेब. एकटे होते ते बुडाले."

मी वरिष्ठांना बोलवा म्हणालो. वरिष्ठ आले ते नोहाच्या वेषात. पायघोळ अंगरखा, कापसाची दाढी आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एकटा पुरुष आत गेला की माकडांना सिगारेट देतो. आमचा अनुभव आहे."

"मी नगरपालिकेचा कर्मचारी आहे."

"कुठलं खातं?"

"दफनभूमी."

"असं का," नोहा म्हणाले आणि एक पाऊल मागे सरकले. पण जोडीचा नियम त्यांनी सोडला नाही. मागची रांग शिट्ट्या मारायला लागली. नेरेइदाने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी बाल्बिनोशेजारी जाऊन उभा राहिलो. दोघांत एक माणूस सहज मावेल एवढं अंतर ठेवून.

आत शिरताना प्रत्येक जोडीच्या मनगटावर एका प्राण्याचा शिक्का मारतात. कुठला प्राणी, हे यंत्रातून जो ठसा वर येईल त्यावर. नेरेइदा आणि सासूला हंस मिळाले. सासूला हंस म्हणणारं यंत्र असू शकतं यावर माझा विश्वास बसला नाही. पोरांना झेब्रे, तोमासिना आणि तिच्या लेकीला हरणं. बाल्बिनोच्या मनगटावर गाढव उमटलं. मला बरं वाटलं. मग माझ्या मनगटावरही गाढव उमटलं, आणि त्याच्या कानामागे फूल होतं. पापण्याही लांब होत्या.

"हे काय?" मी शिक्केवाल्या बाईला विचारलं.

"मादी."

"मी?"

"दोघांतल्या एकाला व्हावंच लागतं ना. नाहीतर पुढे गाढवं कुठून येणार?"

तिचा युक्तिवाद बिनतोड होता, आणि बिनतोड युक्तिवाद करणाऱ्या माणसांचा मला राग येतो. बाल्बिनो हसला. आवाज नव्हताच, नुसते खांदे हलले, पोट हललं, डोळ्यांत पाणी आलं. मोठ्याने हसणाऱ्याला गप्प बस म्हणता येतं. मुक्याने हसणाऱ्याचं काय करायचं? मी रुमालाला थुंकी लावून ठसा घासला. "आठवडाभर जात नाही," बाई म्हणाली, "शाई चांगली आहे." त्या बागेत चांगली अशी तीच एक वस्तू होती.

कारण बाकी जोड्यांची गंमत अशी की देवाने ठेकेदाराला जोड्या सांगितल्या, पण ठेकेदाराने दर जोडीत एक प्राणी जिवंत ठेवला आणि दुसरा सिमेंटचा केला. सिंह जिवंत होता, पण तो भिंतीकडे तोंड करून झोपलेला. सिमेंटचा सिंह मात्र पंजा उगारून उभा, त्यामुळे सगळी पोरं सिमेंटच्या सिंहाला घाबरत होती आणि जिवंताला कुणी विचारत नव्हतं. दोन फ्लेमिंगो एका पायावर उभे होते. त्यांतला जिवंत कुठला, यावर एका कुटुंबाची भांडणं चालली होती आणि आजोबा सिमेंटच्याला पाव भरवत होते. कासवं तेवढी दोन्ही जिवंत होती. पण ती हलत नाहीत म्हणून लोक फसवणूक झाल्याची तक्रार करत होते. गाढवं दोन्ही सिमेंटची होती. खऱ्या गाढवाला कचऱ्याची गाडी ओढायला लावलं होतं. ते आमच्या समोरून गेलं तेव्हा त्याने माझ्याकडे जरा रेंगाळून पाहिलं, असं विल्किनचं म्हणणं. मी त्याला चिप्सचं पाकीट घेऊन दिलं आणि विषय बदलला.

बागेच्या मधोमध आकाशपाळणा. त्याला माणसं बसायचे पाळणे प्राण्यांच्या आकाराचे, आणि ज्याच्या मनगटावर जो प्राणी त्याने त्यातच बसायचं. पाळण्याचा माणूस सेरापियो नावाचा, पाठीवर कबुतराचे पंख बांधलेला. तो शिक्के तपासून एकेका जोडीला चढवत होता. मी खरं तर खालीच थांबणार होतो. पोटात तीन ताटल्या होत्या. पण माझी नजर बाल्बिनोवर गेली. तो त्या चाकाच्या टोकाकडे बघत होता आणि त्याच्या कपाळावर घाम फुटला होता. त्याला उंचीची भीती वाटते हे पाहिल्याबरोबर मला वर जायची आयुष्यात पहिल्यांदाच इच्छा झाली. मी गाढवात जाऊन बसलो. आता मी बसलोय आणि तो बसत नाही म्हटल्यावर त्याची लेक हरणातून ओरडली, "बाबा, घाबरलात काय?" बाल्बिनो बसला. गाढव त्याच्या बाजूला कललं, मग माझ्या बाजूला कललं, आणि दोघांचं वजन सारखंच निघाल्यामुळे मधोमध स्थिरावलं.

चाक फिरलं. गाढव टोकाच्या जवळ पोचलं आणि वीज गेली.

ती जाते तेव्हा कसं होतं ते आम्हाला सांगावं लागत नाही. आधी संगीत खोल आवाजात रडतं, मग थांबतं, मग सगळीकडून "गेली" असा उद्गार येतो. चाक थांबलं. हंस खाली, जमिनीपासून दोन माणसांच्या उंचीवर. हरणं पलीकडच्या बाजूला. झेब्रा आमच्या मागे, जरा खालच्या अंगाला. तो फक्त बाल्बिनोच्या बाजूने दिसत होता. माझ्या बाजूला गाढवाचा भला मोठा कान होता आणि पलीकडे ला वेगाचा डोंगर. बाल्बिनोने डोळे मिटून घेतले होते.

"घाबरू नका," खालून सेरापियो ओरडला, "जनरेटर आहे."

जनरेटरने तीनदा ठसका दिला आणि गप्प झाला.

बाल्बिनोने एक डोळा उघडला. समोर गाढवाचं फायबरचं डोकं होतं. तो त्या डोक्याला म्हणाला, "बॅटरी गेली. कुणीतरी खाली सांगावं की वायर हलवून बघा."

मीही डोक्यालाच म्हणालो, "ज्याला कळतं त्याने सांगावं."

"ज्याला कळतं त्याचा घसा बसलाय."

"पंचाला शिव्या देताना विचार करायला हवा होता."

"पंच चोर होता," बाल्बिनो गाढवाला म्हणाला. "हे ज्याला बेसबॉल कळत नाही त्याला कळणार नाही."

अशा प्रकारे तीन वर्षांनी आमचं संभाषण सुरू झालं. गाढवाने दोन्ही बाजू शांतपणे ऐकून घेतल्या. मी असंच चालू ठेवणार होतो, मला मजाही येऊ लागली होती. पण बाल्बिनोने मान किंचित मागे वळवली आणि त्याच्या घशातून एक विचित्र आवाज आला.

"विल्किन," तो म्हणाला. या वेळी गाढवाला नाही, मला. "पाळण्याची दांडी काढली त्याने. एक पाय बाहेर टाकलाय. उतरतोय."

मी उठलो. गाढव भेलकांडलं. बाल्बिनोने माझा पट्टा धरून मला खाली ओढलं.

"उठू नकोस, पाळणा हलतो. तुला दिसत नाही. मी बघतो, तू ओरड."

दफनभूमीत माईक आहे, पण वीज नसते. त्यामुळे कुठली पेटी कुठल्या रांगेत जायची ते मी बावीस वर्षं तोंडाने ओरडून सांगतो आहे. तो सगळा आवाज मी एका ठिकाणी आणला.

"विल्किन आल्मोन्ते. पाय आत घे."

चाकाखालच्या सगळ्या माणसांनी माना वर केल्या.

"नाही घेतला," बाल्बिनो कुजबुजला. "वर बघतोय. आवाज कुठून येतो ते शोधतोय. हळू बोल. घाबरला तर सुटेल."

"विल्किन," मी म्हणालो, "मी इथेच आहे. गाढवात. तू आधी बस. मग आपण बोलू."

"यामिलेतने शर्ट धरलाय. पाय आत आला. दुसराही. दांडी लावायला सांग."

"यामिलेत, दांडी लाव, बाळा."

"लावली. बसला. रडतोय तो."

"रडू दे," मी म्हणालो. खाली कुणीतरी टाळ्या वाजवल्या. काही माणसांना टाळ्या वाजवायला काहीही चालतं. मी हातातला घाम पुसायला गेलो तेव्हा लक्षात आलं की माझा हात बाल्बिनोच्या हातात आहे आणि तो कुणी कुणाचा धरला होता हे सांगता येत नाही. आम्ही दोघांनी तो एकाच वेळी सोडला, आणि पाळणा हलल्यावर पुन्हा धरला.

त्यानंतर कामाला शिस्त लागली. बाल्बिनो कुजबुजायचा, मी ते जसंच्या तसं खाली ओरडायचो. लाल वायर काढ. पुसून लाव. नाही ना चालत? मग मिनीबसची बॅटरी आण. मिनीबसचा ड्रायव्हर बॅटरी द्यायला तयार होईना. माझी सासू हंसातून खाली वाकली आणि म्हणाली, "तुला मघाशी दोनदा वाढलं होतं ना रे?" ड्रायव्हर पाना आणायला गेला. मी बोलतोय, खाली माणसं पळताहेत, अख्खी बाग तोंड वर करून माझ्या हुकुमाची वाट बघते आहे. खोटं कशाला सांगू, असा मान मला नगरपालिकेत एकदाही मिळालेला नाही.

तेवढ्यात सेरापियोने जनरेटरची आधीची बॅटरी बाहेर काढली, उलटीपालटी करून पाहिली आणि वर ओरडून विचारलं, "साहेब, ही तर कोरी करकरीत आहे. मग मेली कशी?"

बाल्बिनो घाबरलेला होता. एवढ्या उंचीवर खोटं बोलायला लागणारं बळ त्याच्याकडे उरलं नव्हतं. "ती माझ्याकडूनच गेलीय," तो पुटपुटला. "जुनीच होती. वरून रंग मारून दिली."

आणि मी, सवयीने, जसंच्या तसं, बावीस वर्षांच्या आवाजात ओरडलो, "ती माझ्याकडूनच गेलीय. जुनीच होती. वरून रंग मारून दिली."

खाली जो गलका उठला तो लिहिण्यासारखा नाही. माझ्या आईचा उल्लेख झाला, जिचा बॅटरीशी आयुष्यात संबंध आला नव्हता. "मी नाही, हा," मी म्हणालो, पण बाल्बिनो सीटमध्ये इतका खाली घसरला होता की खालून पाहणाऱ्याला गाढवात एकटा मीच दिसत होतो. हरणात तोमासिना मान खाली घालून बसली होती. तिला सगळं समजलं होतं आणि तिने ते समजल्याचं कुणाला समजू दिलं नाही.

"हे बघ, शेजारी," बाल्बिनो म्हणाला, "आता सुरुवात झालीच आहे तर सगळंच सांगून टाकतो. इथून पडलो तर मनावर ओझं नको. यामिलेतच्या कम्युनियनच्या दिवशी गच्चीवरची पाण्याची चावी मीच बंद केली होती. पाहुण्यांनी जिन्याच्या तोंडाशी गाड्या लावल्या म्हणून राग आला होता. मुद्दाम केली."

तीन वर्षं. तीन वर्षं मी हे बायकोला, सासूला, फादरना, चेलोला सांगत होतो आणि सगळे म्हणत होते, एलिहियो, तुझा स्वभावच संशयी. आता गुन्हेगाराने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं होतं आणि बायको ऐकू येईल एवढ्या अंतरावर हंसात बसली होती. मी गाढवाच्या कानाला धरून उठलो आणि आकाशाला भोकं पडतील अशा आवाजात ओरडलो, "यामिलेतच्या कम्युनियनच्या दिवशी गच्चीवरची पाण्याची चावी मीच बंद केली होती. मुद्दाम केली."

आनंदाच्या भरात 'मी'चा 'याने' करायचं राहून गेलं.

मग हंसातून आवाज आला, "एलिहियो."

"काय?"

"तू?"

"नाही ग, तसं नाही. हा सांगतोय. मी नुसता त्याचा आवाज आहे."

"मी तेव्हाच म्हटलं होतं," सासू म्हणाली. तिने तेव्हा असं काहीच म्हटलं नव्हतं.

जनरेटर सुरू झाला आणि आमचं गाढव खाली यायला लागलं. एरवी मी देवाचे आभार मानले असते. खाली उतरल्याबरोबर विल्किन येऊन माझ्या पायाला बिलगला आणि त्याने नाक माझ्या पँटला पुसलं. तो एक क्षण सोडला तर त्या जमिनीवर माझं स्वागत करायला कुणी नव्हतं. नोहा दाढी हातात घेऊन उभे होते. त्यांनी मला ताबडतोब तारू सोडायला सांगितलं. मी म्हणालो, जातो. ते म्हणाले, "दोघंही. इथून बाहेरसुद्धा जोडीनेच काढतात."

परतीच्या बसमध्ये नेरेइदा माझ्याशेजारी बसली नाही. सासू बसली नाही. तोमासिना तर नाहीच. शेवटी बाल्बिनो येऊन बसला, आणि मोका येईपर्यंत माझ्या खांद्यावर डोकं टाकून घोरला.

मंगळवारी त्याचा घसा सुटला. मी जिन्यात वाट बघत उभा होतो. "वर चल," मी म्हणालो, "आणि नेरेइदाला खरं काय ते सांग."

"सांगतो की, शेजारी," तो म्हणाला. "त्यासाठीच निघालो होतो."

तो वर आला. नेरेइदाने त्याला कॉफी दिली. तो ती सावकाश प्यायला, कप खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "वहिनी, झालं गेलं विसरा. एलिहियोला माफ करा. माणूस आहे, चुकतो." आणि नेरेइदाच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्यासाठी नाही, त्याच्या मनाच्या मोठेपणासाठी. माझं म्हणणं मी अजूनही मांडत असतो. ती म्हणते, तुझ्याच आवाजात ऐकलंय, अख्ख्या बागेने ऐकलंय. बॅटऱ्यांचं म्हणाल तर बाल्बिनोचं दुकान पूर्वीसारखंच चाललं आहे. माझ्याकडे मात्र परवा एक विधवा बाई आली आणि नवऱ्याची जागा ठरवून झाल्यावर हळूच विचारू लागली की ट्रकची बॅटरी स्वस्तात मिळेल का.

सगळ्यांत वाईट म्हणजे आमचा अबोला गेला. बाल्बिनोचा समज असा की एका पाळण्यात लटकलेली माणसं जन्मभराचे मित्र होतात. तो सकाळी बोलतो, दुपारी बोलतो, जिन्यात, गच्चीवर, न्हाणीघराच्या खिडकीतून बोलतो. बेसबॉल, पंच, घशाचे उपाय, पंचाचं कुटुंब. आमची टाकी मात्र रोज भरलेली असते. मी पहाटे उठून पाहिलंय, तोच वर जाऊन चावी सोडतो.

आता संध्याकाळी चेलोच्या दुकानासमोर मेज टाकून आम्ही चौघं ठिपक्यांच्या सोंगट्यांचा दोमिनो खेळतो. एकीकडे चेलो आणि सार्जंट, दुसरीकडे मी आणि बाल्बिनो. मी त्याच्या जोडीला बसायला तयार नव्हतो, पण त्या खेळात एक नियम आहे. खेळ चालू असताना जोडीदाराने जोडीदाराशी एक अक्षरही बोलायचं नाही. आमच्या देशात मनापासून पाळला जाणारा एवढा एकच कायदा आहे. समोर बाल्बिनो बसतो, ओठ घट्ट मिटून, घामाघूम, नुसता माझ्या डोळ्यांत बघत. त्याच्या हातात कुठल्या सोंगट्या आहेत ते मला न सांगता कळतं.

आम्ही बहुतेक वेळा जिंकतो.